वर्गाबाहेरचे १२० तास

निकालाच्या दिवशी आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. गुणपत्रिका आधी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवली जाते, मग शेजारीपाजारी फिरते. घरातला पहिला पदवीधर! हा आनंद व्हायलाच हवा. तीन पिढ्यांच्या कष्टांनंतर तो दारी आलेला असतो. पुढे दोन-चार महिन्यांनी पहिली मुलाखत येते. टेबलापलीकडचा माणूस ती गुणपत्रिका क्षणभर पाहतो, बाजूला ठेवतो आणि विचारतो, "अनुभव काय?" मुलगा गप्प. एकविसाव्या वर्षी अनुभव आणायचा कुठून? नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, हे रडगाणे आम्ही एवढ्या घरांतून ऐकले आहे की त्याविषयी आई-वडिलांशी आणि मुलांशी जरा सविस्तर बोलावे असे ठरविले.

आमच्या पिढीची तऱ्हा निराळी होती. पदवी हाती आली की सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे, टायपिंगची परीक्षा द्यायची आणि बँका, रेल्वे, टपाल, विमा, मंत्रालय यांच्या जाहिरातींवर डोळे लावून बसायचे. लेखी परीक्षा आणि मुलाखत पार पडली की काम झाले. राखीव जागांच्या आधाराने आपली हजारो घरे अशीच उभी राहिली. आज त्या जागा आटल्या आहेत, कितीतरी ठिकाणी कंत्राटी माणसे घेतली जातात, आणि खाजगी नोकऱ्यांत आरक्षण नाही. तिथे उमेदवाराने आजवर काय केले ते पाहतात. खरे बोलायचे तर तो कुणाच्या ओळखीचा आहे तेही पाहतात.

आता तर खुद्द पदवीच अनुभव मागू लागली आहे. २०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा ठरवून दिला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. या आराखड्यात पुस्तकी विषयांच्या जोडीला क्षेत्र प्रकल्प आहे, समाजात जाऊन करावयाचे काम आहे आणि 'ऑन जॉब ट्रेनिंग' आहे. मुले त्याला नुसते 'ओजेटी' म्हणतात. ओजेटीला चार श्रेयांक, एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास झाले. रोज सहा तास धरले तर वीस दिवसांचे काम. जून २०२४ मध्ये संलग्न महाविद्यालयात प्रथम वर्षाला बसलेली मुले तिसऱ्या वर्षात गेली की हे काम त्यांच्यापुढे येते.

कागदावर ही गोष्ट चांगलीच आहे. पण "कुठेतरी १२० तास काम करून या आणि शिक्क्याचे पत्र आणा" एवढे सांगून कॉलेज मोकळे होते, असे अनेक मुलांनी आम्हांला सांगितले. ज्याचा काका सनदी लेखापाल आहे तो काकाच्या कचेरीत बसतो. जिचे मामा जाहिरात कंपनीत आहेत ती तिकडे जाते. आपला मुलगा मात्र पत्र घेऊन दुकानोदुकानी फिरतो. कचेरीच्या दारावरचा पहारेकरी त्याला आत सोडत नाही. शेवटी वर्गातलाच कुणीतरी पत्ता देतो : अमुक ठिकाणी पैसे टाकले की शिक्का मिळतो.

एका वडिलांनी आम्हांला अगदी समाधानाने सांगितले, "दादा, पाचशे रुपयांत काम झालं. पोरीला वीस दिवस उन्हातान्हात हिंडावं लागलं नाही." त्यांची काळजी आम्हांला कळते. पोरीवर माया आहे म्हणूनच त्यांनी ते केले. पण हिशेब करून पाहा. मुलगी वाणिज्य शाखेची. ती वीस दिवस एखाद्या कर सल्लागाराच्या कचेरीत बसली असती तर व्हाउचर कसे लावतात, टॅलीत नोंद कशी करतात, जीएसटीचे विवरणपत्र कुठल्या तारखेच्या आत भरायचे, बँकेचा जुळवणी तक्ता चुकला तर चूक कुठे शोधायची, हे तिच्या हातात बसले असते. उद्या हिशेबनिसाच्या मुलाखतीत कुणी संगणक पुढे सरकवून म्हणेल, "ही चार बिले टाकून दाखवा", तेव्हा शिक्क्याचे पत्र तिच्या कामी येणार नाही. काकाच्या कचेरीत बसणाऱ्या मुलाने पत्र विकत घेतले तरी त्याचे काही बिघडत नाही. त्याला दुसरी संधी काकाच देतो. आपल्या मुलीला कॉलेजने नाईलाजाने का होईना एक दार उघडून दिले होते, तेच आपण पाचशे रुपयांना विकले.

शिक्षण म्हणजे चार भिंती आणि परीक्षा, एवढी आखूड समजूत आपल्या चळवळीत कधी नव्हती. बाबासाहेबांनी जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले होते. कचेरीत कारकुनी करणारा मुलगा सकाळी अर्थशास्त्र ऐके आणि तासाभराने तेच अर्थशास्त्र कचेरीच्या खातेवहीत पाही. याच सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे. सत्ताधारी कसे बोलतात, विरोधक कसे अडवतात, सभापतीचा मान कसा राखतात, हे मुले स्वतः उभी राहून शिकत. हिंदू कोड बिलावर १९५० साली बाबासाहेब या विद्यार्थी संसदेपुढे बोलले होते. देशाचा कायदेमंत्री ज्या विधेयकासाठी दिल्लीत झगडत होता, तोच विषय त्याने कॉलेजच्या पोरांपुढे मांडला, यावरून त्यांना मुलांकडून काय अपेक्षा होती ते ओळखावे.

तिकडे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली रंगमंचावर आणले. नाटक बसवायचे तर पाठांतर आले, तालमीला वेळेवर येणे आले, पडद्यामागची कामे आली. आपल्या समाजातले कितीतरी चांगले वक्ते आणि लेखक अशा उद्योगांतूनच तयार झाले. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांना विसरून कसे चालेल? १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवून वसतिगृह चालविले, मुलांच्या हाती कुदळ-फावडे दिले आणि १९४७ साली साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या पायावर उभे केले. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात ही योजना त्यांच्याच नावाने चालते. पुणे, नगर, नाशिककडच्या मुलांनी कॉलेजात तिची जरूर चौकशी करावी. ग्रंथालयात पुस्तके लावणे, बागेत काम करणे, कार्यालयात मदत करणे, असे तासावारीचे काम मिळते आणि खर्चाला चार पैसेही सुटतात.

आता आम्हांला खरे जे सांगायचे आहे ते सांगतो. आपल्या मुलांना अनुभव नाही, ही गोष्टच मुळात खोटी आहे. अनुभव ढीगभर आहे. तो मोजला जात नाही.

१४ एप्रिलची जयंती घ्या. दोन महिने आधी बैठक बसते. पावतीपुस्तके छापली जातात, घरोघर फिरून वर्गणी गोळा होते. पोलीस ठाण्यात मिरवणुकीचा अर्ज, ध्वनिक्षेपकाची परवानगी, नगरपालिकेत मंडपाची परवानगी, वीज मंडळाकडे तात्पुरती जोडणी. मंडपवाला, प्रकाशयोजनावाला, जेवणाचा आचारी, यांच्याशी घासाघीस. वक्ता ठरवणे, त्याला स्टेशनवरून आणणे, तो उशिरा आला तर तोवर सभा धरून ठेवणे. मिरवणुकीत बायाबापड्यांना, लेकरांना मधोमध ठेवून रस्ता मोकळा करणे. शेवटी जमाखर्च वस्तीपुढे वाचून दाखवणे, आणि एखाद्या आजोबांनी "तो दोरीचा खर्च दोनदा कसा लागला?" असे विचारले की उत्तर देणे. मोठमोठ्या संस्था भरपूर शुल्क घेऊन व्यवस्थापन म्हणून जे शिकवतात त्यातले बरेचसे यात आले की नाही?

आम्ही एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा बायोडाटा पाहिला. छंद : वाचन, संगीत. अनुभव : नाही. आम्ही सहज विचारले, तुमच्या मंडळाचा जमाखर्च कोण लिहितं? म्हणाली, "मीच लिहिते, तीन वर्षं झाली." आणि आईच्या बचत गटाची वही? "तीही मीच. आईला लिहिता येत नाही ना." पंधरा बायांचा गट, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये, शेकडा दोनने अंतर्गत कर्ज, बँकेचे पासबुक, हप्ता चुकला की नोंद. एवढे करणारी मुलगी 'अनुभव : नाही' असे लिहिते! तिला वाटले, हे घरचे काम. तिचे चुकले नाही; हेही मोलाचे काम आहे असे तिला आजवर कुणी सांगितलेच नव्हते. आम्ही तिला एवढेच सुचविले : लिही, "वस्तीच्या उत्सव समितीचा जमाखर्च तीन वर्षे ठेवला, पंधरा सभासदांच्या बचत गटाचे हिशेब आणि बँक व्यवहार पाहते." यात एक शब्द वाढवून सांगितलेला नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि शिवाजी पार्कवर स्वयंसेवक म्हणून उभे राहणारे विद्यार्थी आठवा. पाणी वाटप, हरवलेल्या माणसांची नावे पुकारणे, म्हाताऱ्या माणसांना प्रथमोपचाराच्या तंबूत पोहोचवणे, ग्रंथांच्या दुकानावर दोन दिवस उभे राहून विक्री करणे. लाखोंच्या गर्दीत आवाज न चढवता रांग सांभाळणे ही सोपी गोष्ट नव्हे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते. तिथे अधूनमधून कॉलेजच्या मुलांना वाचायला बसवावे. अनोळखी शब्द न अडखळता वाचणे, वाक्य कुठे थांबवायचे ते कळणे, समोर झोपाळलेला माणूस जागा होईल असा आवाज लावणे, ही व्याख्यात्याची तयारी आहे.

जाता जाता मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक सांगणे आहे. वर्गणीतला निम्मा पैसा डीजेच्या भिंतीवर उधळून मुलांना फक्त नाचायला बोलावले तर त्यांना अनुभव मिळतो तो बहिरेपणाचा. आणि खजिनदार, कार्याध्यक्ष ही पदे दरवर्षी त्याच चार पुरुषांकडे का? एखाद्या वर्षी पावतीपुस्तक आणि पैशाची पेटी कॉलेजच्या मुलींच्या हाती देऊन पाहा. हिशेब वेळेत मिळेल.

कॉलेजातच मिळणारी, पण आपली मुले मागे राहतात अशी एक जागा म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एक सात दिवसांचे शिबिर, असा तिचा सांगाडा आहे. शिबिर खेड्यात असते. मुले शाळेच्या खोल्यांतून झोपतात. पहाटे उठून बंधारा नाहीतर शोषखड्डा खणतात, दुपारी गावाची पाहणी करतात, संध्याकाळी पथनाट्य नाहीतर व्याख्यान. स्वयंपाक गटागटाने. साठ माणसांच्या भाकरीला किती पीठ लागते, हे एकदा अंदाज चुकल्याशिवाय कळत नाही.

मुलगी शिबिराला जाते म्हटले की घरात वाद होतो. सात रात्री बाहेर? आणि आपल्या घरांत एक जास्तीची भीती असते, ती कुणी बोलून दाखवीत नाही. गावात गेले की आडनाव विचारतात. एका शिबिरात घरोघर पाहणीचे फॉर्म भरताना ओसरीवरच्या माणसाने आपल्या एका मुलीला पाणी देण्याआधी विचारलेच, "आडनाव काय तुमचं?" तिने आडनाव सांगितले. पाण्याचा तांब्या यायला जरा वेळ लागला. तिने पुढचा प्रश्न विचारला, "घरात शौचालय आहे का?" आणि फॉर्म पुरा केला. रात्री तिने ही गोष्ट गटात सांगितली, तेव्हा तिच्याबरोबरच्या, एरवी हे सारे संपले म्हणणाऱ्या मुलामुलींची तोंडे पाहण्यासारखी झाली होती, असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्या घरापाशी सगळा गट गेला. अशा प्रसंगांपासून मुलीला घरी बसवून वाचवता येणार नाही. नोकरीला लागल्यावर ते येणारच. सोबतीला चार मित्रमैत्रिणी आणि एक प्राध्यापिका असताना ते आलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र झटकून टाकू नये. शिबिराला महिला प्राध्यापिका आहेत काय, त्यांचा नंबर कोणता, झोपण्याची सोय कुठे, हे पालकांनी कॉलेजात जाऊन विचारावे. तो तुमचा हक्क आहे. मुलगी ओजेटीला एखाद्या कचेरीत जाणार असेल तर पहिल्या दिवशी आईने किंवा वडिलांनी सोबत जाऊन जागा पाहून यावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी नोकरांपुरता नाही. प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही त्यात येतात. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे; त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हे मुलीला आधीच सांगून ठेवा. आणि काही घडले तर "म्हणूनच म्हणत होतो जाऊ नको" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या वाक्यामुळे मुली घरी काही सांगायच्या बंद होतात.

आता पैशाचे. बहुतेक ओजेटी बिनपगारी. ज्या घरी मुलगा कॉलेज करून संध्याकाळी केटरिंगला जातो, गोदामात पार्सले बांधतो, त्या घरी वीस दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे महिन्याचे वाणसामान बुडणे. मोठ्या शहरातल्या गुळगुळीत कचेऱ्यांत फुकट राबण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. म्हणून तीन सूचना करतो. मुलगा आधीच काही काम करीत असेल आणि ते त्याच्या विषयाशी जुळत असेल तर तेच ओजेटी म्हणून धरता येईल काय, हे विभागप्रमुखांना लेखी विचारावे. दुसरे, "प्रशिक्षण देतो, आधी तीन हजार भरा" म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नये. काम शिकवणाऱ्याला पैसे देऊन राबणे हा उलटा धंदा आहे. आणि तिसरे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची माहिती करून घ्यावी. या कायद्याखाली शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावेच लागते. पूर्वी तो आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीच्या मुलांचा कायदा समजला जाई. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखण्याची तरतूद त्यात आहे, आणि ती खाजगी कारखान्यालाही लागू आहे. खाजगीत आरक्षण नाही म्हणून हात टेकणाऱ्या आपल्या किती घरांना ही गोष्ट माहीत आहे?

ओजेटी वेगळे आणि क्षेत्र प्रकल्प वेगळा. प्रकल्पासाठी तर कुठल्या साहेबाची ओळखही लागत नाही. आपली वस्ती हेच क्षेत्र. दहावीनंतर किती मुलांनी शाळा सोडली, किती जणांचा शिष्यवृत्तीचा अर्ज कागदाअभावी परत आला, किती घरांत जातीचा दाखला आहे पण पडताळणी झालेली नाही, अशी शंभर घरांची पाहणी एका मुलाने केली तर कॉलेजला प्रकल्प मिळतो आणि वस्तीला तिची स्वतःची आकडेवारी मिळते. मग पुढची पायरी म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावा. २००५ च्या या कायद्याखाली दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एक अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा. पानभर गाऱ्हाणे लिहायची सवय असलेल्या हाताला दीडशे शब्दांत नेमके विचारायला शिकवणारा इतका चांगला गुरू दुसरा नाही. "आमच्या वस्तीवर अन्याय का होतो?" याला उत्तर येत नाही. "अमुक वर्षी समाजमंदिराच्या दुरुस्तीसाठी किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, कामाची मोजमाप पुस्तिका मिळावी" याला येते. विधी शाखेच्या मुलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, पण तो अर्ज भरून देणारे हात कमी पडतात. गावाकडच्या मुलांनी अठरा पूर्ण झाले आणि मतदार यादीत नाव आले की ग्रामसभेला बसावे. पहिल्या सभेला नुसते ऐकावे. दुसऱ्या सभेला इतिवृत्त वाचून दाखवा म्हणावे.

या सगळ्याची रोज पाच ओळींची डायरी ठेवावी : तारीख, काय केले, कोणाबरोबर, काय अडले, कसे सुटले. मुलाखतीत "एखादा अडचणीचा प्रसंग सांगा" असे विचारतात तेव्हा डायरी ठेवणारा सांगू शकतो. न ठेवणारा छताकडे पाहतो.

राहिला प्रश्न दारांचा. ती उघडण्याची चावी ज्यांच्या खिशात आहे अशी माणसे आता आपल्यातही आहेत. बँकेतले अधिकारी, वकील, डॉक्टर, अभियंते, मुद्रणालयवाले, औषध दुकानदार, छोटे ठेकेदार. त्यांतले एकजण आम्हांला म्हणाले, "मी कुणाच्या ओळखीने आलो नाही, मुलांनीही स्वतःच्या बळावर यावं." बळावर यावे हे खरेच. पण साहेब, तुम्ही वसतिगृहात राहिलात, शिष्यवृत्ती घेतलीत, कुणीतरी तुम्हांला जाहिरातीचे कात्रण आणून दिले. वशिल्याने आपल्या समाजाचे फार नुकसान केले आहे, म्हणून त्या शब्दाची चीड आम्हांलाही आहे. नालायक माणसाला खुर्चीत बसवणे हा वशिला. होतकरू मुलीला वीस दिवस टेबलाशेजारी स्टूल देणे आणि रोज एक काम समजावून सांगणे याला वशिला म्हणत नाहीत.

कल्याणच्या पुढच्या एका वस्तीतील विहारात हे करून पाहिले गेले. महिला मंडळाने रविवारच्या वंदनेनंतर एक शंभर पानी वही दाराशी ठेवली. डाव्या पानावर नाव, कामाची जागा, किती मुले घेता येतील. उजव्या पानावर मुलाचे नाव, शाखा, कोणत्या महिन्यात मोकळा. पहिल्या रविवारी मोठ्या हुद्द्याचे दोघे वही पाहून गेले, पुढच्या वेळी लिहितो म्हणाले. त्या दिवशी एकच नोंद झाली. वस्तीतल्या शिंप्याने लिहिले होते : दुकान, बाजारपेठ, एक मुलगा किंवा मुलगी, तीन वर्षांची बिले पिशवीत पडली आहेत, ती लावून हवीत, चहा मिळेल. वाणिज्य शाखेची एक मुलगी तिथे गेली. पिशवी रिकामी करून तिने बिले महिनावार लावली, कापडाचा खर्च वेगळा काढला आणि शाळेच्या गणवेशांवर मालकाला जवळजवळ काहीच सुटत नाही हे त्याला वहीत दाखवून दिले. त्याने त्या वर्षी गणवेशाची शिलाई वाढवली. १२० तासांचे पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. दुकानाला शिक्का नव्हता, तो मग बनवून घेतला.

पुढच्या महिन्यात वहीच्या डाव्या पानावर सहा नावे होती. हुद्द्यावरच्या त्या दोघांपैकी एक त्यात होते.